‘असल्यास’ खोडलं आहे

पुणे,
गुरुवार, रात्र

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला खुलासा दोनदा वाचला. तुमच्या कंपनीच्या दुधाने शाळकरी मुलांना उलट्या झाल्या, आणि सुरुवात काय, तर ‘गेली ४० वर्षे गुणवत्तेची परंपरा जपणाऱ्या’. दूध येतं तिसऱ्या परिच्छेदात. मुलं कुठेच नाहीत. शेवटी ‘ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.’ ते ‘असल्यास’ मी लाल पेनाने खोडलं आहे. रात्रभर लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला काय वाटेल ते वाचून?

बातम्यांच्या डेस्कवर २२ वर्षं मी असे खुलासे वाचले. नाव झाकलं तर कुठला कुणाचा ते ओळखू येऊ नये, इतके सारखे.

२००३ चा ऑक्टोबर मला चांगला आठवतो. दिवाळी तोंडावर आली होती, आणि मुंबईत अन्न व औषध प्रशासनाला कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनी आधी म्हणाली, दोष कारखान्यातला नाही, दुकानात माल नीट ठेवला जात नाही. ते खरंही असेल. पण मुलासाठी चॉकलेट घेणाऱ्याला कारखाना वेगळा, दुकान वेगळं असं दिसत नाही. त्याला वेष्टनावरचं नाव दिसतं. प्रशासनानेही तेच विचारलं, मग वेष्टनाचं काय? ऐन सणात विक्री कोसळली. पुढे कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ काढून दुकानदारांना साठवणुकीची माहिती दिली आणि २००४ च्या सुरुवातीला घट्ट चिकटवलेलं, जास्त खर्चाचं वेष्टन आणलं. जाहिरातीत अमिताभ बच्चन आले, हे लोकांच्या लक्षात राहिलं. मला वाटतं, खरं काम त्या वेष्टनाने केलं. त्याच्याशिवाय अमिताभ तरी काय सांगणार होते?

तुमच्या प्रशिक्षणात टायलेनॉलचं उदाहरण झालंच असेल. १९८२, शिकागो. कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं, ७ माणसं गेली. जॉन्सन अँड जॉन्सनची त्यात चूक नव्हती, तरी त्यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. १० कोटी डॉलरहून जास्त खर्च आला. मग तिहेरी सील केलेली बाटली आणली. पण त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो खटले झाले, हेही शिकवलं का ग? एकदा कमावलेलं नाव कायमचं पुरत नाही.

आता तुझं काम. अजून कुणाच्या तरी फ्रिजमध्ये ती पिशवी असेल. म्हणून पहिलंच वाक्य असं हवं: अमुक तारखेची, अमुक बॅच नंबरची पिशवी घरात असेल तर ते दूध पिऊ नका, मुलांना देऊ नका. मग, मुलं आजारी पडली त्याबद्दल आम्ही माफी मागतो. मग पैसे कुठे परत मिळतील आणि फोन कोण उचलेल. शीतगृह बंद पडलं होतं हे तू मला सांगितलंस. खुलाशात का नाही? तुमचे वकील म्हणतील, माफी म्हणजे कबुली. त्यांना विचार, दूध खराब होतं हे तुम्ही नाकारणार आहात का?

परंपरेचा परिच्छेद काढून टाक. आणि उद्या साहेबांबरोबर मुलांना भेटायला जाशील, तेव्हा फोटोग्राफर नेऊ नकोस.

तुझी,
सुधामावशी