ट की ड?

फाटणे आणि फाडणे. तुटणे आणि तोडणे. फुटणे आणि फोडणे. ट असला की गोष्ट आपसूक घडते, ड आला की ती कोणीतरी केलेली असते. हिंसेवर कविता लिहिताना माझा पहिला निर्णय या एका अक्षरापाशी होतो.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. कौले उडाली, माड मोडले, पडवीवरची ताडपत्री टराटरा फाटली. तिथे ‘फाटली’ हेच खरे, कारण वाऱ्याच्या मनात काही नसते. पण मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर जाळे सांधत बसलेल्या एका मच्छीमाराला मी विचारले, “जाळी फाटली काय?” मान वर न करता तो म्हणाला, “फाटूक नाय, फाडल्यानी.” परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर 12 सागरी मैलांच्या आत घुसतात आणि लावलेली जाळी तोडून जातात, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. त्याने फाडलेली कड माझ्या हातात दिली. जाळ्याचे आस, म्हणजे भोके, ओढून तोडलेले, धाग्यांची टोके पिंजलेली, मधला तुकडा गायब. ती टोके नीट लिहिली तर ‘क्रूर’, ‘निर्दय’ ही विशेषणे कवितेत लागत नाहीत.

‘फाडली गेली’ मात्र मी लिहीत नाही. त्या ‘गेली’तून करणारा मागच्या दाराने निसटतो.

‘फाडणे’ हा शब्द किती वेळा वापरावा, हे मी नृसिंहाच्या कथेकडून शिकलो. कीर्तनकार सांगो की दशावतारातला नट, वेळ जातो तो तयारीत: ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना जमिनीवर ना आकाशात, ना अस्त्र ना शस्त्र. दैत्याला मिळालेल्या वराची एकेक अट सोडवत कथा उंबरठ्यावर, मांडीवर, नखांपर्यंत येते. मग फाडण्याला एकच क्रियापद पुरते. तिथे ‘विदारले’ म्हटले की देवाचे कृत्य दिसते. ‘फाडले’ म्हटले की पोट दिसते. दोन्ही शब्द आपले आहेत, पण एकाचे काम दुसरा करत नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 साली आल्यावर, असे उघडे शब्द कवितेत शोभत नाहीत ही सबब कोणा मराठी कवीला उरलेली नाही.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: कवितेत काही फाटले असेल, तर ते कोणी फाडले हे आधी शोधा. कोणीच नसेल तर ट लिहा. कोणी असेल आणि तरीही ट लिहिलात, तर तुम्ही त्याची बाजू घेतलीत.