डीपीवर किती मोटरी?

तर झालं असं. मागच्या दिवाळीत धामणगाव बढेला गेलो आणि विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवला. रात्री लाईट आली की बाबांनी टॉर्च घेऊन शेतात जायचं, याची मला पुण्यात बसून कायम धास्ती.

सेटिंग अर्थातच मी केलं. व्होल्टेज ३५० च्या खाली गेलं की मोटर बंद, ३६० च्या वर आलं की अर्ध्या मिनिटात चालू. पाणी वाया जायला नको ना! दोन दिवस मीटर बघितला. मोटर बंद असताना ३९५, चालू केली की ३७५. मस्त. मी परत पुण्याला.

हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला मोटर जळाली.

लॉग काढला तर एका रात्रीत ऐंशी वेळा चालू-बंद! गावभर पाणी सुरू, त्यामुळे लाईन आधीच ३६५ वर. आपली मोटर लागली की ३४५, म्हणून बंद. बंद झाली की परत ३६५, म्हणून चालू. स्टार्ट होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते, वायंडिंग थंड होणार कधी? मी फरक ठेवला दहा व्होल्टचा, आणि आमची मोटर एकटीच वीस व्होल्ट पाडते.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "डीपीवर आज चार मोटरी असतात, उद्या चौदा. तू कोण्या दिवसाचा हिशोब केला रे?"

मंडळी, रोबस्ट कंट्रोल नावाची अख्खी शाखा याच प्रश्नावर उभी आहे. सिस्टीमचे आकडे नक्की माहीत नसतात, फक्त त्यांची रेंज माहीत असते. १९७८ मध्ये खारितोनोव्ह या रशियन गणितज्ञाने दाखवलं की समीकरणाचा प्रत्येक सहगुणक आपापल्या रेंजमध्ये स्वतंत्रपणे कसाही हलला, तरी टोकाची चारच समीकरणं तपासली की पुरे. ती स्थिर, तर मधली सगळी स्थिर. १९६७ साली आयआयटी मुंबईतून बीटेक झालेले शंकर भट्टाचार्य यांनी पुढे याच विषयात मोठं काम केलं. १९९७ मध्ये त्यांनी कील यांच्यासोबत दाखवलं की कागदावर उत्तम ठरलेले काही कंट्रोलर त्यांच्या स्वतःच्याच आकड्यांत जरासा बदल झाला तरी कोलमडतात.

माझ्या चालू-बंद रिलेला खारितोनोव्हचं प्रमेय सरळ लागू होत नाही. पण धडा तोच. मी दिवाळीच्या दोन दिवसांसाठी डिझाईन केलं, टोकं तपासलीच नाहीत. आपलं 'माझ्या मशीनवर चालतंय' याहून वेगळं काय आहे?

मोटर भरून आणली. आता बंद ३५० ला, चालू ३८० ला, मधे पंधरा मिनिटं. तीनदा जमलं नाही तर गप्प बसायचं आणि मेसेज करायचा. पाणी थोडं कमी मिळतं. स्थिरतेची किंमत असते.

परवा रात्री दोनला मेसेज आला, 'तीन प्रयत्न झाले, मोटर बंद.' बाबांना फोन केला. म्हटलं, राहू द्या, सकाळी बघू.

"सकाळी लाईट कुठं हाये?" ते म्हणाले. टॉर्च घेऊन निघालेच होते.