गब्बरला नेमकं मारलं कोणी?

आपण 'शोले' पाहिला त्यात गब्बर मरत नाही, पोलीस येऊन त्याला धरतात. पण रमेश सिप्पींनी शूट केलेल्या मूळ शेवटात खिळे ठोकलेल्या बुटांनी तुडवत ठाकूर त्याला संपवतो. साल १९७५, आणीबाणी. सेन्सॉर म्हणालं, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात कसा घेईल? झालं, शेवट पुन्हा शूट!

गंमत बघा, लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकणाऱ्या राजवटीला पडद्यावरच्या कायद्याची एवढी काळजी.

मूळ शेवट मी खूप नंतर पाहिला. गब्बर मेल्यावर ठाकूर चक्क रडतो हो! शिट्टी मारावीशीच वाटत नाही. हल्ली एन्काउंटरची बातमी आली की आपण पेढे वाटतो, म्हणून हे लिहिलं.

तुम्हाला कुठला शेवट पटतो?