तुळशीवृंदावन

गतवर्षी आमच्या जुन्या घरास एक खोली जोडावयाची होती. चिऱ्यांचा ट्रक मागे घेताना आजोबांनी बांधलेले तुळशीवृंदावन ढासळले. “चूक ड्रायव्हरची,” एवढे बोलून कंत्राटदार मोकळा झाला. करारपत्रात नुकसानीविषयी अक्षरही नव्हते. तथापि कामाच्या ओघात चाकराकडून झालेल्या हानीस धनी बांधील, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही घरबांधणीस सेवा मानले आहे. मी ते सांगणार, तोच आई म्हणाली, “पुता, माणसे तू आणलीस ना?” तो खाली पाहू लागला. आठवड्यात त्याने स्वखर्चाने वृंदावन उभारून दिले.

वर्गात शाई सांडली की मी अपराधी शोधतो. ‘माझ्या वर्गात सांडली’ असे मात्र मी कधी म्हटले नव्हते.