शुक्र कशाचा करायचा?

"अल्लाहने तुला किती दिलंय बघ, जरा त्या गरीब मुलांकडे बघ!" मुलाने ताटात अन्न टाकलं की आपल्या घरांत हे वाक्य ठरलेलं असतं. वर्गातही ते सहज तोंडी येतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ज्यांच्या घरून फितरा दिला जातो ती मुलं माझ्या वर्गात आहेत आणि ज्यांच्या घरी तो येतो तीही आहेत, कधी कधी एकाच बाकावर. 'त्या गरीब मुलांकडे बघ' असं मी म्हणालो, तर एकाने शेजारच्याकडे बघायचं का? आणि ज्याच्याकडे सगळे बघतील, त्याने शुक्र कशाचा करायचा?

या प्रश्नाचं मला पटलेलं एक उत्तर ख्रिस्ती परंपरेत सापडलं. बी.एड.ला माझ्यासोबत असलेला वसईचा एक कॅथलिक मित्र आता अमेरिकेत राहतो. 2025 मध्ये आपल्याकडे रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि त्यांचा उपवासकाळ 5 मार्चला, राखेच्या बुधवारी. दोघंही एकाच वेळी उपासाचे, त्यामुळे फोनवर गप्पा वाढल्या. त्याच्या मुलीने मला पुठ्ठ्याची एक छोटी पेटी दाखवली. तिचं नाव 'राइस बाउल', म्हणजे भाताचा वाडगा.

1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या कॅथलिकांनी हा उपक्रम सुरू केला. तेव्हा आफ्रिकेतला साहेल पट्टा दुष्काळाने होरपळला होता. रीत साधी आहे. ईस्टरआधीच्या 40 दिवसांत अधूनमधून एक वेळ साधं जेवायचं, वाचलेले पैसे पेटीत टाकायचे आणि प्रार्थना करायची. 1977 मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी तो देशभरासाठी स्वीकारला. जमलेल्यातले 75 टक्के पैसे 'कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस' या संस्थेमार्फत दुसऱ्या देशांत जातात, 25 टक्के तिथल्याच धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहतात. म्हणजे भूक फक्त आफ्रिकेत असते, असा समज मुलांचा होत नाही.

मला सर्वांत आवडली ती पाककृतींची कल्पना. दरवर्षी काही देशांतल्या कुटुंबांच्या गोष्टी आणि तिकडचे मांस नसलेले साधे पदार्थ दिलेले असतात. मूल नकाशावर देश शोधतं, आईबरोबर तो पदार्थ करतं, खातं. ज्याच्या घरचं जेवण आपण जेवलो, त्याची कीव करणं अवघड जातं. ते दूरचं मूल मग 'बिचारं' राहत नाही. त्यालाही आवडीनिवडी असतात, त्याची आईही चुलीपुढे उभी असते, हे कळतं. मग शुक्र 'मी त्याच्यासारखा नाही' याचा होत नाही. समोरचा घास मला दिला गेलाय आणि त्यात त्याचाही वाटा आहे, या जाणिवेचा होतो.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा एक पालक भेटायला आले. "सर, आपल्या मुलांना ख्रिश्चनांचं कशाला?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी नकाशा उघडला. माली, नायजर, सेनेगल, मॉरिटानिया. साहेलमधले हे सगळे देश मुस्लिमबहुल. म्हणजे 1975 साली अमेरिकेतली ख्रिस्ती मुलं ज्यांच्यासाठी साधं जेवली, त्यांतले बहुतेक कलमा पढणारे होते. ते बराच वेळ नकाशा पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यांचं शुक्रिया कुणी अदा केलं का?"

हदीसमध्ये माणसांचे आभार आणि अल्लाहचे आभार एकमेकांशी जोडलेले आहेत. ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आपल्याकडे फितरा आहेच. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, अगदी तान्ह्या बाळाच्याही नावाने तो निघतो. पण मुलाला त्याचा पत्ताच नसतो. वडील ईदच्या नमाजेआधी परस्पर देऊन मोकळे होतात. मुलाला कळतात ते नवे कपडे, शीरखुर्मा आणि ईदी.

शाळेत मी पेटी ठेवत नाही. पेटी आली की कुणी किती टाकले, हे आलंच. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण हजरत ईसांचीही आहे आणि आपल्या हदीसमध्येही आहे. वर्गात आम्ही रमजानभर फक्त नकाशा टांगतो आणि कोणत्या देशात इफ्तारला काय करतात, ते शोधून लिहितो. त्यात सगळ्यांना सारखंच लिहिता येतं.

पेटीचं काम घरचं आहे. एखाद्या दिवशी इफ्तारला भजी, शरबत नको. खजूर, पाणी आणि डाळ-भात पुरे. वाचलेले पैसे मुलाच्या हाताने डब्यात पडू देत. ईदच्या आधी त्याच्या नावाचा फितरा त्याच्या हातात ठेवून सांगा, "हा तुझा." कुणाच्या घरी जाणार, ते मात्र सांगू नका. उद्या तो मुलगा त्याच्याच बाकावर बसणार असेल.