कोजागिरीचं मसाला दूध: प्यायचं का, किती आणि कसं?

कोजागिरी आठ दिवसांवर आली की ओपीडीत बीपी-शुगरचे पेशंट उठता उठता एक प्रश्न विचारतात, "डॉक्टर, एक ग्लास मसाला दूध घेतलं तर चालेल ना?" सोबत आलेली सून किंवा मुलगी मागून मान हलवून मला खुणावत असते, "नाही म्हणा." दोघांनाही उत्तर हवं असतं. म्हणून यंदा ते सविस्तर लिहितोय.

आश्विन पौर्णिमेला आपल्या सोलापुरातून हजारो लोक पायी तुळजापूरला जातात. जे जात नाहीत ते गच्चीवर जमतात. जुळे सोलापुरात तर सोसायट्यांच्या गच्च्यांवर मोठमोठी पातेली चढतात. वर्षातून एकदा सगळे शेजारी एकत्र बसतात. अशा रात्री घरातल्या डायबेटिसच्या माणसाला "तुला चालत नाही" म्हणून बाजूला बसवलं, तर एकतर तो मनातून खट्टू होतो, नाहीतर गुपचूप दोन ग्लास पितो. दुसरा प्रकार मी जास्त पाहतो.

आमच्या घरातलंच सांगतो. कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची पद्धत आहे. मी थोरला, त्यामुळे या वयातही आई मला ओवाळते आणि माझ्या हातात दुधाचा ग्लास देते. तिला बरीच वर्षं डायबेटिस आहे. ती स्वतः मात्र कोरा चहा घेऊन बसायची. मला ते बघवेना. मग एकदा वही घेऊन पातेल्याचा हिशोबच मांडला.

एका ग्लासात नेमकं काय असतं?

नेहमीची पद्धत धरू. १ लिटर म्हशीचं दूध आटवून पाऊण लिटर करायचं, त्यात साधारण १२० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम बदाम-पिस्ते-चारोळी.

यातला २०० मिलीचा एक ग्लास घेतला तर वरून घातलेली साखर सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा कोटा संपून वर उधारी!

शिवाय दुधाची स्वतःची साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. दूध आटवलं की पाणी उडतं, लॅक्टोज तिथंच राहतं. त्यामुळे या ग्लासात आणखी १३ ग्रॅमच्या आसपास साखर आली. एकूण कॅलरी साडेचारशे ते पाचशे, म्हणजे मध्यम आकाराच्या तीन ज्वारीच्या भाकऱ्यांएवढ्या. आणि हे सगळं रात्री बारा वाजता, पोटभर जेवणावर. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसली तर दोष गोळीचा नाही.

साखरेऐवजी गूळ, खडीसाखर, मध किंवा खजूर घातला तरी हिशोब फारसा बदलत नाही. रक्तात गेल्यावर ती साखरच. रमजान ईदच्या शीरखुर्म्यालाही हाच हिशोब लागू आहे.

आमच्या घरी आता कसं करतो?

१ लिटर गाईचं किंवा टोन्ड दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. मधूनमधून तळापासून ढवळा, कडेची साय आत ओढत राहा, म्हणजे बुडाला लागत नाही. दूध ८०० मिलीपर्यंतच आटवा. ८-१० बदाम, थोडे पिस्ते आणि चमचाभर चारोळी मिळून २० ग्रॅम पुरे. चारोळी आधी चाखून पाहा. ती लवकर खवट होते आणि सगळं पातेलं बिघडवते. सुक्यामेव्याची भरड पूड दुधात घातली की दूध आपोआप दाट होतं, जास्त आटवावं लागत नाही.

मग ५-६ विलायच्यांची पूड, केशराच्या चार काड्या आणि किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ. विलायची-केशराच्या वासामुळे कमी साखरेतही दूध गोड लागतं.

आता महत्त्वाचं. साखर घालण्याआधी डायबेटिसच्या माणसाचा १०० मिलीचा कप बाजूला काढा. उरलेल्यात ३५-४० ग्रॅम साखर घाला. बिनसाखरेच्या कपात लॅक्टोज तेवढं ६-७ ग्रॅम राहतं. साखरेच्या कपातही कॅलरी १२० च्या आसपासच भरतात. त्या रात्रीच्या जेवणातली अर्धी-एक भाकरी किंवा भात कमी करा, म्हणजे जमाखर्च जुळतो. आई आता तिचा कप घेऊन आमच्यातच बसते आणि "जायफळ जरा कमीच पडलं" असं दरवर्षी सांगते.

जायफळ जपून

जायफळाने झोप येते म्हणून मुलांच्या दुधात सढळ हाताने घालणारे आहेत. तसं करू नका. एक अख्खं जायफळ साधारण ५ ग्रॅम किंवा थोडं जास्त भरतं. एवढं एका माणसाच्या पोटात गेलं तर धडधड, चक्कर, उलट्या, भास होणं असे त्रास होऊ शकतात. लिटरभर दुधाला पाव चमचा पूड ही वरची मर्यादा समजा.

पाच वर्षांखालच्या मुलांना दुधात अख्खे बदाम-पिस्ते देऊ नका, घशात अडकतात. पूड करून द्या.

चांदणं किती वेळ?

दुधात चंद्र पाहायचा तर जरूर पाहा. पण उघडं पातेलं तासन्‌तास गच्चीवर ठेवू नका. शिजलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम दुधालाही लागू आहे. उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात, पण काहींची बीजं उकळीतही टिकतात आणि कोमट दुधात पुन्हा वाढतात. काही जंतूंचं विष तर दूध पुन्हा उकळलं तरी जात नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात, त्यामागे हे एक कारण असतं. १०-१५ मिनिटं पातळ फडकं बांधून चांदण्यात ठेवा, गरम असतानाच वाटा, उरलेलं लगेच फ्रीजमध्ये टाका.

गोठ्यावरचं सुटं दूध आणलं तर ते चांगलं उकळल्याशिवाय कुणीही चाखू नका. दुधात पिठाची भेसळ आहे का हे घरी पाहता येतं. थोडं दूध उकळून गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे.

या रात्री दम्याचं औषध दुधातून किंवा खिरीतून देण्याची प्रथाही बऱ्याच ठिकाणी आहे. चांदण्याने दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही. इनहेलर बंद करू नका.

हे मात्र विसरू नका

१. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन "आता बाराला दूधच पिऊ" म्हणून जेवण टाळू नका. माझ्याकडे एक काका असेच रात्री अकराला आले होते. दरदरून घाम, हात थरथरत होते. घरच्यांना वाटलं उपवासाचा अशक्तपणा. शुगर निघाली ४८. धोका फक्त वाढलेल्या शुगरचा नसतो, उतरलेली शुगर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध करू शकते. अशा वेळी, आणि अशाच वेळी, तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

२. तुळजापूरला पायी जाणार असाल तर गोळ्यांचं वेळापत्रक आधी डॉक्टरांना विचारा, खिशात साखर ठेवा, आणि डायबेटिस असेल तर अनवाणी चालू नका.

३. दूध जास्त पिणार म्हणून गोळी दुप्पट घेऊ नका.

४. किडनीचा आजार असेल तर दूध आणि सुकामेवा दोन्हींत पोटॅशियम व फॉस्फरस असतं. प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

५. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, कळ येते, जुलाब होतात? ते लॅक्टोज न पचण्याचं लक्षण असू शकतं. अशांनी अर्ध्या कपावर थांबावं.

यंदा पातेलं चढवताना एवढं एकच करा: साखरेचा डबा उघडण्याआधी घरात कोणाकोणाला शुगर आहे ते मोजा आणि तेवढे छोटे कप आधी भरून ठेवा.

कोजागिरीच्या शुभेच्छा!