आबांनी सोडलेला बांध

विट्याच्या जुन्या घरात दिवेलागणीआधी कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम आम्हा नातवंडांकडे असायचं. कंदील खुंटीला लागला की आबा ‘उपासना संगीत’ मागायचे. एक गीत, शास्त्रातला एक उतारा आणि मग आबांची प्रार्थना. ती लांबायची, आणि चुलीपुढे भाकरी गार होत जायच्या. आबा देवापुढे माणसांची यादीच वाचत. शाळेतली पोरं, गलाईच्या धंद्यापायी परमुलखात गेलेले शेजारी, समोरच्या घरातली दम्याची म्हातारी, मामलेदार, लांबलेला पाऊस. त्या यादीत आमच्या शेताला लागून असलेल्या एका शेतकऱ्याचं नाव रोज यायचं. ते आलं की आज्जी डोळे उघडून आबांकडे बघायची. हे आम्हाला माहीत आहे, कारण आमचेही डोळे उघडेच असायचे.

त्या पिढ्या आता संपल्या. आबा, आज्जी, मग थोरले काका, आमचे वडील आणि शेवटी मिरजेची आत्या. आम्ही भावंडं पुण्यात, वाशीत, एक मस्कतला. सगळ्यांच्या मंडळ्या वेगळ्या, पाळक वेगळे, पण हल्ली प्रत्येक ठिकाणच्या उपदेशात एक प्रश्न ऐकू येतो, की आजच्या काळात ख्रिस्ताचं शिष्य असणं म्हणजे काय? त्यावर शिबिरं होतात, पुस्तकं निघतात, रोज सकाळी मोबाइलवर सुविचार येतात. आम्हा भावंडांना मात्र उत्तर शोधताना विट्याचंच घर आठवतं. त्या घरात या विषयावर कुणी कधी व्याख्यान दिल्याचं आठवत नाही.

आबांचे वडील आमच्या घराण्यातले पहिले ख्रिस्ती. तेव्हा विटा सातारा जिल्ह्यातच होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे घरातल्या जुन्या गोष्टींत ‘जिल्ह्याला गेलो’ म्हणजे साताऱ्याला गेलो. पणजोबा असेच एकदा साताऱ्याला जाऊन नारायण वामन टिळकांचं कीर्तन ऐकून आले होते. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मण कवी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, नगरला राहिला, ‘ज्ञानोदया’त लिहीत राहिला. पुढे मिशनचं काम सोडून त्यांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत. पणजोबांना याचंच नवल वाटलं होतं. बाप्तिस्म्यापायी ज्यांची सोयरीक तुटली, ज्यांना भावकीनं पंगतीतून उठवलं, त्यांना त्याच ओळीत बाप्तिस्मा न घेतलेला माणूस बसलेला पाहून काय वाटलं असेल? पणजोबा म्हणत, आधी राग आला, मग घरी येईपर्यंत तो गेला. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार मागे पडला. पण शिष्य कुणाला म्हणायचं हा प्रश्न आमच्या घरात साताऱ्याहून आला तो असा.

आज्जीचं टिळकांवर प्रेम होतं, पण तिचा खरा जीव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तिनं इतक्यांदा वाचलं होतं की पुस्तकाची शिवण उसवली होती. नवरा ख्रिस्ती झाला, बाई झाली नाही. पुढची पाच वर्षं तिनं कशी काढली, ते आज्जी आम्हाला घरातली गोष्ट सांगावी तसं सांगायची. किंमत टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंनी जास्त मोजली, असं तिचं ठाम मत होतं. आम्हालाही आता तेच पटतं. गुरू पुरुष करतो आणि उपास बाईला घडतात, हे आपल्याकडे सगळ्याच पंथांत झालं आहे.

आज्जी मिरजेला शिकलेली. डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या मिशन दवाखान्याचं नाव आमच्या लहानपणी नुसतं ‘मिरज’ असं घेत. ‘त्याला मिरजेला नेला’ म्हटलं की ऐकणारा चपापायचा आणि आशाही धरायचा. तिथे नर्सिंग करून आज्जी लग्नानंतर विट्याला आली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची नर्सबाई झाली. तिची पिशवी दाराआड टांगलेली असे. तिच्यात एक पितळी किटली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, कार्बोलिक साबणाची वडी आणि एक जुनं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रात्री-अपरात्री कुणी हाक मारी, “नर्सबाई, चला की, कळा लागल्यात.” आज्जी दारातूनच विचारी, “पाणी तापत ठेवलंय का?”

एका घरची गोष्ट आत्या नेहमी सांगायची. रात्रभर अडलेली बाई पहाटे सुटली. मूल आज्जीच्या हातात रडलं, म्हाताऱ्या सासूनं आज्जीचे हात कपाळाला लावले. मग चहा आला. घरच्यांचा पितळेच्या पेल्यात, आज्जीचा कान तुटलेल्या कपात, उंबऱ्याबाहेर. तो कप कोनाड्यात वेगळाच ठेवलेला असायचा. आज्जी चहा प्यायली, कप विसळला आणि पालथा घालून ठेवला. बरोबर गेलेली आत्या तेव्हा दहा-बारा वर्षांची. घरी येताना ती संतापून म्हणाली, “तू प्यालीस कशाला त्यातनं?” आज्जी म्हणाली, “उद्या पुन्हा जायचं हाय मला तिथं. अंग तापलंय बाईचं.”

आत्याला हे उत्तर कित्येक वर्षं पटलं नाही. तिनं नंतर मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयात नोकरी धरली. बोटं झडलेल्या पायांची मलमपट्टी करताना ते उत्तर तिला पटलं, असं ती म्हणायची. आमच्यातल्या धाकट्या बहिणीचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते आज्जीनं तो कप ठेवून उठायला हवं होतं, कारण अपमान गिळणं ही शिकवण गरिबांनाच नेहमी दिली जाते. तिच्या या बोलण्यात खरेपणा आहे आणि तो आम्ही कुणी खोडत नाही.

72 च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायच्या कामांवर फिरली. आमच्यापैकी थोरले दोघे तिच्याबरोबर किटली धरायला जात. येरळेच्या पात्रात वाळू तापलेली, रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसलेल्या, हातात हातोडी, बोटांना चिंध्या. एका बाईला तिथेच कळा सुरू झाल्या. चौघी उठल्या, दोन लुगडी आडवी धरली. आम्हाला डोंगराकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. पाठीमागे फक्त आज्जीचा आवाज ऐकू येत होता, बैलाला चुचकारावं तसा. नंतर आज्जीनं आमच्या वाट्याची सुकडी त्या बाईच्या ओटीत टाकली. घरी जाताना आम्ही भुकेनं रडलो. आज्जीनं आमची समजूत घातली नाही, नुसता हात धरून चालत राहिली.

आबांचा स्वभाव वेगळा. ते सांगलीच्या मिशन बोर्डिंगात वाढले. तिथे पुस्तकाइतकंच सुतारकाम आणि शेतीही शिकवत, त्यामुळे घरातली प्रत्येक खिडकी त्यांच्या हातची. शाळामास्तर झाले आणि अक्षरांच्या बाबतीत जितके कडक, तितकेच कागदांच्या बाबतीत. 1950 मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. शिखांना त्या 1956 मध्ये मिळाल्या, बौद्धांना 1990 मध्ये, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. थोरल्या काकांचं नाव शाळेत घालताना एका सहकारी मास्तरांनी आबांना बाजूला घेतलं. कागदावर जुनीच जात राहू द्या, पोराची फी माफ होईल, पुढं नोकरीला उपयोग होईल. सल्ला प्रेमाचा होता. आबांनी ‘ख्रिस्ती’ लिहिलं.

काका हुशार होते. मॅट्रिकनंतर पैशावाचून शिक्षण थांबलं. त्यांना ते जन्मभर लागलं, आणि आबांजवळ त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही. आमच्या नात्यातल्या कित्येक घरांत शाळेचं नाव एक आणि मंडळीच्या नोंदवहीतलं नाव दुसरं असे. त्यांना बोल लावावा असं आम्हाला वाटत नाही. पाण्याला शिवू दिलं नाही ते जातीमुळे, आणि त्याची भरपाई मागायला गेलं की धर्म आड आला. अशा कात्रीत सापडलेल्या बापाला शिष्य कमी पडला म्हणणारे आम्ही कोण? तरी आबांनी ते केलं, आणि त्याचं मोल काकांनी भरलं, हे दोन्ही खरं. मंडळीतही सोयरिकीच्या वेळी मूळ जात हळूच विचारली जायची. आत्याचं लग्न आबांनी तो प्रश्न न विचारता ठरवलं आणि सख्ख्या नातेवाइकांचा रुसवा ओढवून घेतला.

काका मग गलाईला गेले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखानं हिंदुस्थानभर सोनं-चांदी गाळणारी माणसं पाठवली. विट्याच्या एका मराठा शेजाऱ्याचं दक्षिणेत दुकान होतं, त्यांनी काकांना बोलावून घेतलं. मुशीत सोनं वितळलं की थोडी घट येतेच. ती किती आली, हे गाळणाराच जाणतो. काकांची वही शेवटच्या मिलिग्रॅमपर्यंत लिहिलेली असे. दुकानाच्या किल्ल्या मालक गावी येताना काकांच्या हाती देत, स्वतःच्या पुतण्याच्या नव्हे. एवढंच काकांबद्दल सांगायचं. त्यांनी मंडळीत कधी साक्ष दिली नाही, प्रार्थना मोठ्यानं केली नाही.

आता आमच्या पिढीकडे यावं तर सांगण्यासारखं थोडं आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमची एक आतेबहीण वॉर्डात कामाला होती. नातेवाइकांना जवळ येऊ देत नव्हते, म्हणून शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाचं तोंड ती ओल्या कापडानं पुसून घ्यायची आणि त्याच्या त्याच्या देवाचं नाव घ्यायची. माहीत नसलं तर फोन करून घरच्यांना विचारायची. कुणी तिला त्यावरून टोकलंही, तू ख्रिस्ती असून विठ्ठलाचं नाव कसं घेतेस. ती म्हणाली, मरणाऱ्याला धीर त्याच्या ओळखीच्या नावानं येतो. साताऱ्याचा दरबार तिला ऐकूनही माहीत नसेल.

बाकी आम्ही दशांश ऑनलाइन भरतो, सुट्टी जुळली तर उपासनेला जातो. मोठ्या सभांत देवाकडे घर, गाडी, परदेशचा व्हिसा मागायला शिकवतात, ते कानाला खटकतं. आबांच्या यादीत स्वतःसाठी काही मागितलेलं आम्हाला आठवत नाही, पाऊस सोडून. आणि पाऊस काही एकट्याच्या रानात पडत नाही.

त्या यादीतल्या शेजाऱ्याची गोष्ट राहिली. आबांचं थोडं रान होतं, खडकाळ, जोंधळ्याचं. एका पावसाळ्यात शेजाऱ्यानं बांध नांगरून आत सरकवला. पुढच्या वर्षी आणखी. लांबच्या लांब एक पट्टा गेला. मोजणी आणा, कोर्टात जा, असं सगळ्यांनी सांगितलं. आज्जीनंही सांगितलं, आणि ती वर्षभर आबांवर धुमसत होती. आबा एकदा त्या शेजाऱ्याच्या घरी गेले, त्याला तोंडावर सांगितलं की तू सरकवलेला बांध माझ्या रानात आहे, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी कोर्टात जाणार नाही. मग त्या दिवसापासून त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत आलं. तो माणूस बदलला नाही. बांध जिथे होता तिथेच राहिला. त्याच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणांना आज्जी गेली, तोंड फुगवूनच, पण गेली.

आता टेंभूचं पाणी आलं आहे. कराडजवळून उचललेली कृष्णा आमच्या खडकाळ रानापर्यंत पोचली आणि त्या पट्ट्यात द्राक्षाची बाग उभी आहे. त्याची किंमत काढली की आमच्यातल्या काहींची झोप उडते. आत्याच्या दिवसांना जमलो तेव्हा यावरून भांडणच झालं. आमच्यातला एक जण पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकला. त्यानं बोनहोफर यांचा दाखला दिला. हिटलरच्या जर्मनीत 1937 मध्ये शिष्यत्वावर पुस्तक लिहिणारा आणि 1945 च्या एप्रिलमध्ये फाशी गेलेला पाळक. धाकट्यानं तोच दाखला उलटा फिरवला. ते म्हणतात ना, पश्चात्तापावाचून दिलेली क्षमा स्वस्त असते? मग आबांनी दिली ती कसली? त्या माणसानं कुठं पश्चात्ताप केला? सेमिनरीवाला म्हणाला, स्वस्त कशी, पट्टा गेला की आपला. आणि आबांनी त्याला चूक तोंडावर सांगितली होती, पांघरूण घातलं नव्हतं. धाकटा म्हणाला, पट्टा आबांचा एकट्याचा नव्हता, आपल्या बापाच्या शिक्षणाचा पैसा त्यात होता. हे ऐकून सगळे गप्प झालो, कारण धाकटा हा थोरल्या काकांचा मुलगा.

वाटणीचे कागद पुढच्या महिन्यात झाले. वकिलांनी विचारलं, जुन्या नकाशावर दावा लावायचा का. आम्ही नाही म्हटलं. धाकट्यानंही सही केली, पण आपल्याला हे पटलेलं नाही असं त्यानं वकिलांसमोर स्वच्छ सांगितलं, आणि आजही सांगतो.